2,41,000 किलोमीटर चाललेली बोलेरो पिकअप आम्ही का घेतली

ऐरोलीत आमचे केटरिंगचे काम आहे. पातेली, शेगड्या, सिलिंडर, टेबले आणि तयार जेवण घेऊन महिन्याला सरासरी चौदा फेऱ्या होतात, आणि त्यासाठी आम्ही प्रत्येक फेरीला 1,600 रुपये देऊन टेम्पो भाड्याने आणत होतो. लग्नसराईत नेमका मुहूर्ताच्या दिवशी टेम्पो मिळत नाही हा अनुभव सलग दोन वर्षे आल्यावर, जुनी पिकअप घ्यायची असे घरात ठरले. नव्या गाडीचा हप्ता परवडणारा नव्हता. 2025 च्या सुरुवातीला नवी मुंबईत आम्ही ज्या गाड्या पाहिल्या, त्यांतल्या शेवटी दोन उरल्या आणि दोन्ही बोलेरो पिकअपच होत्या. एक 2016 ची, मीटरवर 96,000 किलोमीटर, आणि दुसरी 2014 ची, मीटरवर 2,41,000. आम्ही दुसरी घेतली. त्यामागची कारणे आणि त्यानंतरचा सात महिन्यांचा हिशेब येथे सविस्तर लिहीत आहे, कारण गाडी शोधत असताना मला स्वतःला असा हिशेब कुठे वाचायला मिळाला नाही.

बोलेरो पिकअपच का, हे थोडक्यात सांगते. टाटा एस आमच्या मोठ्या पातेल्यांना आणि टेबलांना लहान पडते. जुन्या एसचे इंजिन दोन सिलिंडरचे, 702 सीसीचे आहे आणि पूर्ण भार घेऊन पुलाचा चढ चढताना त्याला फार कष्ट पडतात. अशोक लेलँड दोस्त ही तीन सिलिंडरची, 1,478 सीसीची गाडी आम्हाला पसंत होती, पण आमच्या बजेटमध्ये चांगली मिळाली नाही. बोलेरो पिकअपचे 2,523 सीसीचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन तुर्भ्यापासून कळंबोलीपर्यंतच्या कोणत्याही मिस्त्रीला पाठ असते आणि सुटे भाग त्याच दिवशी हाताशी येतात. जुनी गाडी घेणाऱ्यासाठी ही सर्वांत मोठी सोय आहे, असे माझे मत आहे.

आता 96,000 वाल्या गाडीविषयी. रंग नवा, हौद्याला आतून ताजा काळा लेप, सीटवर नवे कव्हर. माझे दीर, जे आता गाडी चालवतात, ती पाहून लगेच म्हणाले, "वहिनी, हीच घेऊ." आमच्यासोबत तुर्भ्याचे एक वयस्क मिस्त्री होते. गाडीमागे 1,500 रुपये घेऊन ते तपासणी करून देतात आणि त्यांनी आमच्यासाठी एकूण चार गाड्या पाहिल्या. ते 6,000 रुपये या संपूर्ण व्यवहारातला सर्वांत सार्थकी लागलेला खर्च होता. त्यांनी रंगाकडे पाहिलेही नाही. दार उघडून ते ब्रेक आणि क्लचच्या पेडलांवर वाकले आणि मला म्हणाले, "ताई, हे रबर बघा." रबरावरच्या रेघा पूर्ण पुसल्या जाऊन एका कडेने खालचे लोखंड चमकत होते. बोलता बोलता विकणाऱ्यानेच सांगितले की गाडी रोज पहाटे उरणच्या करंजा बंदरावरून वाशीकडे मासळी आणत असे. करंजा ते वाशी ये-जा साधारण 80 किलोमीटर धरली आणि वर्षाला 250 दिवस मोजले, तरी नऊ वर्षांत पावणेदोन लाखांच्या पुढे आकडा जातो. 96,000 हा आकडा त्या हिशेबात कुठेच बसत नव्हता. मीटर बदलले होते की काही काळ बंद पडले होते, हे आम्ही विचारले नाही.

त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट गाडीखाली होती. मासळीच्या क्रेटांमधला बर्फ वितळतो, ते खारे पाणी हौद्याच्या फटींतून थेट चेसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, ठिबकत राहते, आणि पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत ते सुकतही नाही. मिस्त्रींनी मागच्या पाट्यांचा (भार झेलणाऱ्या स्प्रिंगांचा) हँगर जिथे चेसिसला बसतो तिथे स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने काळा लेप खरवडला, तेव्हा पापुद्र्यांसारखा गंज सुटून माझ्या हातातल्या बॅटरीवर पडला. पलीकडच्या बाजूला त्याच ठिकाणी वेल्डिंगचा पट्टा मारलेला होता. इंजिन बांधून घेता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, पण एक-सव्वा टन माल जिच्यावर बसणार ती चेसिसच आतून खाल्लेली असेल तर पुढच्या खर्चाला अंत नाही. शिवाय तयार जेवण वाहायचे असताना मासळीचा वास मुरलेला हौदा आम्हाला चाललाच नसता.

दुसरी गाडी घणसोलीत एका वितरकाकडे होती आणि अकरा वर्षे बिस्किटे आणि फरसाणाचे खोके दुकानोदुकानी पोचवत होती. दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर चाल, पण माल हलका. हौद्याचा फाळका वाकलेला होता, डाव्या दारावर खरचटे होते, रंग फिका होता. चेसिस मात्र कोरडी होती. पाट्यांची कमान जवळपास शाबूत होती आणि चेसिसवर ठोकलेला क्रमांक स्पष्ट वाचता येत होता. आरसीवरच्या क्रमांकाशी तो आम्ही एकेक अंक करून ताडून पाहिला. पेडलांचे रबर इथेही झिजले होते, पण इथे मीटरही तेच सांगत होते, आणि वितरकाकडे सर्व्हिसची बिले किलोमीटरच्या नोंदीसह फाइलमध्ये होती.

इंजिनाची तपासणी मी जवळ उभे राहून पाहिली. मिस्त्रींनी आदल्या दिवशीच फोन करून बजावले होते की आम्ही येण्यापूर्वी गाडी सुरू करायची नाही, आणि पोचल्यावर त्यांनी आधी बॉनेटवर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री केली. गरम इंजिन बऱ्याच गोष्टी लपवते. सेल्फ मारल्यावर गाडी दुसऱ्या फेऱ्यात सुरू झाली, किंचित पांढरा धूर आला आणि मिनिटभरात विरला. निळा धूर टिकून राहिला असता तर ऑइल जळत असल्याचे, आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला असता तर इंजिन थंड ठेवणारे कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असल्याचे ते लक्षण ठरले असते. मग इंजिन चालू ठेवून त्यांनी ऑइल भरण्याचे झाकण उघडले आणि तोंडावर उलटे ठेवले. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या इंजिनात तिथून वाफारे येतात आणि झाकण थडथड उडते. मिस्त्रींच्या भाषेत इंजिन बॅक मारते. आमच्या गाडीचे झाकण थरथरले, पण जागेवरून हलले नाही.

या गाडीत कॉमन रेल पद्धतीचे इंजिन आहे, म्हणजे एकाच सामाईक नळीतून सगळ्या इंजेक्टरांना दाबाने डिझेल जाते, आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे हे इंजेक्टर महाग असतात. म्हणून मिस्त्रींनी चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या काढून चार सारख्या छोट्या बाटल्यांत सोडल्या आणि इंजिन काही मिनिटे चालू ठेवले. तीन बाटल्यांत डिझेल जवळपास एकाच उंचीला होते, तिसऱ्या क्रमांकाच्या बाटलीत मात्र दुप्पट भरले होते, म्हणजे तो इंजेक्टर आतून झिजून डिझेल सिलिंडरऐवजी टाकीकडे परत पाठवत होता. वितरकाच्या मुलाने त्या चार बाटल्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या, त्यामुळे किमतीबद्दल वाद झालाच नाही. त्यानंतर बेलापूरच्या पारसिक हिलच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली, तेव्हा इंजिनाचा आवाज चढत गेला आणि गाडी मात्र तितकी ओढेना. क्लच संपत आला होता. 3,25,000 वरून व्यवहार 2,70,000 वर ठरला.

कागदपत्रांत घाई करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. आरसीवर बँकेचा बोजा दिसत होता, जरी कर्ज केव्हाच फिटले होते. बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हाती आल्यानंतरच आम्ही उरलेली रक्कम दिली. थकलेले ई-चलान विकणाऱ्याकडून आधी भरून घेतले. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर त्याच दिवशी सह्या घेतल्या, कारण विक्रीची खबर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला द्यायची असते. वाहतुकीच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस (गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याची तपासणी) करावे लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही त्याच वयापासून सुरू होतो, तेव्हा या दोन्हींच्या पावत्या पाहाव्यात. आरसीवरचे एकूण वजन 3,000 किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाही, पण याच गाडीचे त्याहून जड प्रकारही बाजारात आहेत, म्हणून तो आकडा स्वतः वाचावा. थर्ड पार्टी विमा, म्हणजे अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, गाडीच्या वयाकडे पाहत नाही: 2022 साली ठरलेल्या दराने साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा हा प्रीमियमच 16,049 रुपये होता आणि कर वेगळा.

पहिल्या दोन महिन्यांत गाडीवर जो खर्च झाला तो असा: क्लच 11,500, चार टायर 28,000, पाट्यांचे बुश आणि एक मुख्य पाटा 6,500, तिसरा इंजेक्टर दुरुस्त करून 9,000, ऑइल, फिल्टर, बेल्ट आणि कूलंट 7,500. एकूण 62,500. टायरांवर नक्षी शिल्लक दिसत होती, पण कडेवरच्या चार आकड्यांत 3118 असे होते, म्हणजे ते 2018 च्या 31 व्या आठवड्यात बनलेले. साडेसहा वर्षांच्या रबरावर गरम तेलाची आणि रश्शाची पातेली ठेवण्याची माझी तयारी नव्हती. यांतला प्रत्येक खर्च वयाचा आणि वापराचा होता, आणि इंजेक्टर व क्लच आम्हाला सौदा करण्यापूर्वीच माहीत होते.

म्हणजे गाडी आम्हाला 3,32,500 रुपयांना पडली. महिन्याला चौदा फेऱ्या, सुमारे 1,100 किलोमीटर, भरल्या गाडीला लिटरमागे 11 किलोमीटर, म्हणजे डिझेल साधारण 9,000 रुपयांचे. भाड्याचे 22,400 वाचतात. विम्याचे महिन्याचे दीड हजार आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले तीन हजार वजा केले, तर हाती 8,900 उरतात आणि गाडीचे पैसे तीन वर्षांच्या थोडे पुढे वसूल होतात. यात दिरांच्या वेळेची किंमत धरलेली नाही. पगारी चालक ठेवावा लागला असता तर हा व्यवहार आमच्यासाठी तोट्याचा होता. महिन्याला आठच फेऱ्या असत्या, तर याच गाडीचे पैसे वसूल व्हायला जवळपास नऊ वर्षे लागली असती, आणि तेव्हा मी भाड्याचा टेम्पोच चालू ठेवला असता.

आणखी एक गोष्ट निर्णयात धरावी लागली. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महानगर प्रदेशातून पेट्रोल-डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने बाद करता येतील का, याच्या अभ्यासासाठी समिती नेमण्यास सांगितले आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात ती नेमली. निर्णय काहीही होवो, जुन्या डिझेल गाडीत पाच-सात वर्षांचा हिशेब मांडणे मला धोक्याचे वाटते. तीन-साडेतीन वर्षांत पैसे वसूल होत असतील तरच घ्यावी, या मर्यादेवर मी अडून राहिले.

सात महिन्यांत मीटर 2,48,700 वर गेले आहे. रिकामी गाडी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या खड्ड्यांत फार आदळते, कारण पाटे मालासाठी बनलेले असतात, आणि रिकामी पातेली परत आणताना आता आम्ही त्यांच्यामध्ये गोणपाट घालतो. जुलैतल्या एका रात्री मुंब्रा बायपासच्या चढावर, भर पावसात, तीनशे माणसांच्या जेवणाची भांडी घेऊन ती एकदाही न अडखळता चढली. साठच्या पुढे वेग गेला की मागच्या क्राऊनमधून (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरमधून) बारीक हुंकार ऐकू येतो. मिस्त्रींनी त्यातले ऑइल बदलून दिले आहे आणि दिवाळीनंतर तो उघडून पाहायचे ठरले आहे. बाजूला ठेवलेल्या रकमेतून त्यासाठीचे पैसे निघतील.