गिअरबॉक्सचं काम घरी: आपले गिअर बदलावेत, वापरलेलं इंजिन बसवावं, की निम्मं काम मेकॅनिककडे द्यावं?

दुसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळला की लीव्हर पायाला धक्का देतो, गिअर सुटतो आणि इंजिन मोकळं ओरडतं. एकदा झालं तर पाय नीट पडला नसेल म्हणून सोडून देता येतं. रोज व्हायला लागलं की आत काहीतरी झिजलंय हे मान्य करावं लागतं. अशी दुचाकी दारात उभी आहे आणि काम स्वतःच्या हातांनी करायची इच्छा आहे, अशा माणसापुढे तीन वाटा असतात. इंजिन उघडून खराब गिअर बदलायचे, त्याच मॉडेलचं वापरलेलं अख्खं इंजिन चढवायचं, किंवा इंजिन घरी उतरवून आतलं काम जाणत्या मेकॅनिकच्या टेबलावर द्यायचं. तिन्ही वाटांनी मी गेलो आहे. आपल्याला किती येतं यावरून बहुतेक जण यातली एक निवडतात. माझ्या मते निवड आधी ठरते ती आपल्या गाडीचं इंजिन कसं उघडतं यावरून.

त्याआधी दोष खरंच गिअरबॉक्समध्ये आहे याची खात्री करा. ही पायरी गाळून इंजिन फोडलेले लोक मी पाहिलेत, आणि दर वेळी वाईट वाटतं. इंजिन बंद करून, गाडी मागेपुढे हलवत गिअर टाकून बघा. बंद इंजिनवर सगळे गिअर अलगद पडतात आणि चालू इंजिनवर अडतात, तर आधी क्लच बघायचा: केबलची ढिलाई, वाकलेल्या स्टील प्लेटा, क्लचच्या घंटीला प्लेटांनी पाडलेल्या खाचा. लीव्हर लुळा पडला असेल, खाली दाबल्यावर परत वर येत नसेल, तर गिअर शाफ्टची, म्हणजे लीव्हर जिच्यावर बसतो त्या दांडीची, रिटर्न स्प्रिंग तुटलेली असू शकते. लीव्हर दाबला की फिरून आतले गिअर सरकवणारा दंडगोल म्हणजे गिअर ड्रम. त्याच्या टोकावर एक ताऱ्यासारखी चकती असते आणि तिच्या खाचेत बसणारा स्प्रिंगवाला रोलर. तो रोलर अडकला किंवा त्याची स्प्रिंग मेली तरी गिअर जागेवर टिकत नाही. बहुतेक इंजिनांत हे सगळं क्लचच्या कव्हरमागे असतं. ऑइल काढून कव्हर उघडलं की दिसतं, आणि एका सुट्टीच्या दिवसात उरकतं.

आतल्या दोषाच्या खुणा वेगळ्या आहेत. दुचाकीच्या गिअरबॉक्समध्ये गिअरचे दात कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. गिअर टाकताना फोर्क, म्हणजे ड्रमने हलणारा दोन बोटांचा काटा, एक गिअर शाफ्टवर सरकवतो, आणि त्याच्या बाजूला असलेल्या खुंट्या शेजारच्या गिअरच्या खाचांत शिरतात. या खुंट्यांना डॉग म्हणतात. डॉगच्या कडा गोल झाल्या की जोर पडताच ते एकमेकांना बाहेर ढकलतात. थ्रॉटल दिल्यावर गिअर सुटत असेल तर ओढणारी बाजू झिजली आहे, आणि थ्रॉटल सोडल्यावर सुटत असेल तर उलटी बाजू. दुसराच गिअर जास्त वेळा जातो, कारण पहिल्याकडून त्याच्याकडे येताना मध्ये न्यूट्रल ओलांडावा लागतो आणि अर्धवट पडलेल्या गिअरवर जोर दिला जातो. ऑइलच्या चुंबकी बोल्टवर करडी मऊ पेस्ट असेल तर घाबरू नका. टोकदार कपचे निघाले तर मात्र काहीतरी तुटलंय, आणि मग पुढचा सगळा हिशेब बदलतो. चारस्ट्रोक गाडीत बहुधा एकच ऑइल इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांतून फिरतं. तुटलेल्या डॉगचा चुरा ऑइल पंपापर्यंत गेला असणार हे धरूनच चालायचं.

आता इंजिन कसं उघडतं ते.

काही गाड्यांना गिअरबॉक्स वेगळा असतो. जुन्या कास्ट आयर्न रॉयल एनफिल्ड बुलेटचा अल्बियन गिअरबॉक्स इंजिनच्या मागे बोल्टने बसवलेला आहे. क्लच आणि प्रायमरी चेन उतरवून, उजवीकडची कव्हरं काढली की गिअर फ्रेममध्येच हाताशी येतात. ट्रायम्फच्या ६५० सीसी गाड्या १९६३ पासून एकाच केसच्या (इंजिन आणि गिअर मिळून एकच धातूचं कवच) झाल्या, तरी त्यांचे गिअर वेगळ्या कप्प्यात राहिले आणि बाजूने निघतात. कावासाकी झेडएक्स-१०आर किंवा एप्रिलिया आरएसव्ही४ यांसारख्या स्पोर्ट गाड्यांत अख्खा गिअरसंच कॅसेटसारखा बाजूने बाहेर ओढता येतो. यांपैकी काही तुमच्याकडे असेल तर मी फार विचार करायला सांगणार नाही, काम घरीच करा. बीएमडब्ल्यूच्या जुन्या एअरकूल्ड बॉक्सरचा गिअरबॉक्सही स्वतंत्र आहे, पण तो उघडताना कव्हर तापवावं लागतं आणि बंद करताना शिमा, म्हणजे फट भरणाऱ्या पातळ चकत्या, मोजून घालाव्या लागतात. तिथे पेटी घरी उतरवावी आणि आतलं काम जाणकाराला द्यावं.

बाकी बहुतेक गाड्यांत गिअर आणि क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य शाफ्ट) एकाच केसमध्ये असतात. एका सिलिंडरच्या गाडीची केस सहसा उभी फुटते, डावा आणि उजवा असे दोन भाग होतात. गिअरपर्यंत पोचायला हेड, सिलिंडर, पिस्टन, मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं वीज बनवणारं चाक), क्लच, सगळं उतरवावं लागतं. म्हणजे गिअरच्या निमित्ताने फुल इंजिनचं काम. चार सिलिंडरच्या इंजिनाची केस सहसा आडवी फुटते, वरचा आणि खालचा असे भाग होतात. इंजिन उलटं ठेवून खालचा भाग उचलला की दोन्ही शाफ्ट तिथेच पडलेले दिसतात, आणि अनेक मॉडेलांत हेड आणि सिलिंडरला हात लावावा लागत नाही. ऐकायला नवल वाटेल, पण निव्वळ गिअरपुरतं पाहिलं तर मोठं चार सिलिंडरचं इंजिन छोट्या एका सिलिंडरपेक्षा सोपं पडू शकतं. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ते इंजिन ६० किलोच्या आसपास किंवा त्याहून जड असतं, एकट्याने उतरवायचं नाही. शिवाय केसच्या त्याच जोडात क्रँकचे मेन बेअरिंग धरलेले असतात, त्यामुळे बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्यानेच (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) आवळायचे.

पहिली वाट, म्हणजे आपले गिअर बदलणं, सगळ्यात जास्त शिकवते आणि सगळ्यात जास्त वेळ खाते. एकच खराब गिअर बदलून भागत नाही. डॉगवाला गिअर, ज्याच्या खाचेत तो शिरतो तो गिअर आणि त्यांचा फोर्क, एवढे तरी एकत्र बदला. झिजलेल्या खाचेत नवा डॉग लवकरच गोल होतो. दात खराब असतील तर त्या दातांची समोरची जोडीही बदलायची. वापरलेला संच घेणार असाल तर दोन्ही शाफ्ट, फोर्क आणि ड्रम एकाच इंजिनातले घ्या. वर्षागणिक दातांची संख्या बदललेली असते आणि नाव तेच राहतं, म्हणून दात मोजून घ्या.

खरी परीक्षा शाफ्टवरच्या वायसरांची आणि सर्क्लिपांची (खाचेत बसून भाग जागेवर धरणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या) असते. माझ्या पहिल्या कामात एक पातळ थ्रस्ट वायसर ऑइलमुळे शेजारच्या गिअरला चिकटून निघाला. मी तो गिअर धुवून ठेवला, आणि वायसर ट्रेच्या तळाशी राहून गेला. केस बंद केल्यावर तो दिसला, तेव्हा सगळं पुन्हा उघडावं लागलं. तेव्हापासून शाफ्टवरून निघालेला प्रत्येक भाग मी त्याच क्रमाने आणि त्याच तोंडाने तारेत ओवतो, आणि काढण्याआधी फोटो घेतो. सर्क्लिप एकदा निघाली की परत वापरत नाही. तिची एक कड गोलसर असते आणि एक धारदार, ती धारदार कड जोर येतो त्याच्या विरुद्ध बाजूला हवी.

बेअरिंगला लोक घाबरतात, तेवढं घाबरण्यासारखं ते काम नाही. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ६२०५ नंबरच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ५२ मिमी असतो. त्याची केस ८० अंशांनी तापवली तर भोक साधारण ०.१ मिमीने मोठं होतं. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं असेल तर ते पुष्कळदा हाताच्या दाबाने बसतं. एका बाजूने बंद भोकातलं जुनं बेअरिंग काढायला मात्र आतून पकडणारा पुलर लागतो. केसचे दोन भाग विलग करताना जोडात स्क्रू ड्रायव्हर कधीही घालू नका. तिथे पडलेला ओरखडा पुढे ऑइल गळवत राहतो. मॅग्नेटसाठी त्याच मॉडेलचा पुलर, क्लचचा नट काढताना हब धरायचं हत्यार, सर्क्लिपचे पक्कड, फिलर गेज (फट मोजायच्या पात्या), टॉर्क पाना आणि सर्व्हिस मॅन्युअल, एवढं जमल्याशिवाय सुरुवातच करू नये असं माझं ठाम मत आहे. जपानी गाड्यांचे चौफुलीचे स्क्रू साध्या फिलिप्सने घसरतात, त्यांना जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, टोकाचा स्क्रू ड्रायव्हर लागतो.

दुसरी वाट वापरलेल्या इंजिनाची. हत्यारं कमी लागतात, केस उघडत नाही, आणि गाडी दोन दिवसांत पुन्हा चालती होते. रोजच्या प्रवासाला एकच गाडी असेल तर ही वाट कमी प्रतीची मानू नका. धोका एवढाच की आपला माहीत असलेला दोष देऊन आपण दुसऱ्याचा माहीत नसलेला दोष घरी आणतो. म्हणून घेताना निदान एवढं करा: ऑइल काढून त्यात चुरा आहे का बघा, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा, आणि पुढचं स्प्रॉकेट हाताने फिरवत एकेक गिअर टाका. शाफ्ट स्थिर असताना डॉग डॉगवर आपटतात आणि गिअर पडत नाही, तो दोष नव्हे. फिरवत टाकला तर सगळे पडले पाहिजेत. माउंटिंगची भोकं, वायरिंगचे कनेक्टर, पिकअप कॉइल आणि सेन्सर आपल्या वर्षाच्या मॉडेलशी जुळतात का तेही पाहा. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात राहत नाही. जिथे गाडीच्या नोंदणीत इंजिन क्रमांक लिहिलेला असतो, तिथे इंजिन बदललं की कागदही बदलावे लागतात. त्यामुळे विकणाऱ्याकडून आधी मालकीचा पुरावा घ्या, मग इंजिन उचला.

तिसरी वाट लोक हार समजतात. मला ती नवशिक्यासाठी सगळ्यात शहाणी वाटते, विशेषतः उभ्या फुटणाऱ्या केससाठी. इंजिन फ्रेममधून उतरवणं, बाहेरून धुणं, वायरी आणि केबलींवर चिठ्ठ्या लावणं, हे सगळं घरी शांतपणे करता येतं आणि त्यात फारसं काही बिघडत नाही. केस फोडणं, बेअरिंग काढणं, क्रँक परत बसवणं हे ज्याच्याकडे प्रेस आणि पुलर आहेत त्याला करू द्या, आणि जमलं तर शेजारी उभं राहून बघा. अट एकच: इंजिन अखंड न्या. अर्धं उघडून, नटबोल्ट डब्यात भरून नेलेलं इंजिन चांगला मेकॅनिक नाखुशीने घेतो, आणि ते बरोबरच आहे. कुठला वायसर आधीपासूनच नव्हता हे त्याला कसं कळणार?

माझा कौल असा. गिअरबॉक्स वेगळा किंवा कॅसेटचा असेल तर पहिली वाट. आडव्या केसचं इंजिन, सोबतीला एक माणूस आणि काही आठवडे झाकून ठेवता येईल अशी जागा असेल, तरीही पहिली. उभी केस आणि घरी दुसरी गाडी असेल तर तिसरी. उभी केस, रोजची एकच गाडी आणि ऑइलमध्ये कपचे सापडलेले असतील, तर दुसरी. कारण त्या इंजिनात गिअर बदलून संपत नाही, ऑइल पंप, ऑइलचे मार्ग आणि बेअरिंगही तपासावी लागतात. जुनं इंजिन मात्र टाकून देऊ नका. गाडी चालू झाली की त्या इंजिनाला घाई उरत नाही, आणि केस फोडायला शिकायचं तर घाई नसलेलं इंजिन हवं.

पहिल्या वाटेने जाणाऱ्यांना एवढंच जास्तीचं सांगतो. केसला सीलंट लावण्याआधी ती एकदा कोरडी जुळवा, दोन-चार बोल्ट हाताने आवळा, शाफ्ट फिरवत ड्रम पहिल्यापासून शेवटच्या गिअरपर्यंत न्या आणि परत आणा. कुठे जड लागलं, न्यूट्रलमध्ये शाफ्ट मोकळा फिरला नाही, तर तिथेच थांबा आणि केस पुन्हा उघडा. या टप्प्यावर त्याला दहा मिनिटं लागतात.