काडतुसाचं कोल्ट रिव्हॉल्व्हर घेताना मी फसलो, तुम्ही वेज (नळी धरून ठेवणारी पाचर) काढल्याशिवाय पैसे देऊ नका

मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि गेली 11 वर्षं इथल्या यादवी युद्धाच्या काळातली रिव्हॉल्व्हरं जमवतोय. मागच्या मार्चमध्ये एका गन शोमध्ये 3,800 डॉलर घालवून बसलो. आपल्या ओळखीतल्या दोघातिघांनी नुकताच हा नाद धरलाय म्हणून सगळं लिहितोय.

माल होता कोल्ट 1860 आर्मी, रिचर्ड्स कन्व्हर्जन, म्हणजे काडतुसासाठी बदललेलं. मूळचं हे रिव्हॉल्व्हर ठासणीचं, सिलिंडरमध्ये पुढून दारू आणि गोळी ठासायची आणि मागे निपलवर (छोट्या नळकांडीवर) ठिणगी पाडणारी टोपी बसवायची. काडतूस वापरायचं तर सिलिंडरची भोकं आरपार पाहिजेत आणि त्याचं पेटंट रोलिन व्हाइटचं, ते होतं स्मिथ अँड वेसन या दुसऱ्या कंपनीकडे, त्यामुळे 1869 पर्यंत कोल्टचे हात बांधलेले. मग 1871 ला चार्ल्स रिचर्ड्सचं पेटंट आलं, सिलिंडरचा निपलवाला मागचा भाग कापायचा आणि तिथे जाड रिंग बसवायची, त्या रिंगमध्येच फायरिंग पिन आणि काडतूस भरायचं गेट. अमेरिकन सैन्याने आपली साधारण 1,200 जुनी रिव्हॉल्व्हरं अशी बदलून घेतली. 1860 आर्मी एकूण 2 लाखांच्या आसपास बनली, त्यातली सैन्याने बदललेली ही एवढीच, म्हणून भाव चढतो आणि म्हणूनच नकली माल येतो.

विकणारा साठीचा, बोलायला एकदम गोड. पणजोबा घोडदळात होते म्हणाला, पिवळा पडलेला एक कागदही दाखवला. फ्रेम, नळी, ट्रिगर गार्ड, सगळ्यांवरचे नंबर जुळत होते, मुठीच्या लाकडावर सैन्याच्या इन्स्पेक्टरचा पुसट शिक्का होता, आणि हे सगळं खरंच अस्सल होतं, तिथेच घात झाला. मी म्हटलं नळी काढून आतून बघू का, तर म्हणे वेज जाम झालाय, ठोकलात तर ओरखडे पडतील. मी गप्प बसलो. रोख दिलेत तर 200 कमी करतो म्हणाला, तेही ऐकलं.

घरी लाकडी हातोडीने दोन हलके ठोके मारले आणि वेज निघाला की हो. रिंग काढली तर तिच्या मागचं लोखंड पांढरं चकचकीत, मिलिंगच्या (मशीनने कापल्याच्या) ताज्या रेघा दिसतायत. दीडशे वर्षं जी जागा झाकलेली आहे तिथे काळपट तपकिरी थर हवा ना! सिलिंडरवरचा नंबर फ्रेमचाच, पण आकड्यांच्या कडा बोटाला टोचत होत्या. जुन्या शिक्क्याच्या कडा हाताळून हाताळून बसलेल्या असतात. सिलिंडरवर कोरलेलं 1843 च्या कँपेचीच्या समुद्री लढाईचं चित्र एकदम ठसठशीत आणि त्यावर गंज मात्र सगळीकडे एकसारखा, ॲसिडने आणलेला. स्क्रूचे आटे तर मेट्रिक निघाले, 1871 च्या हार्टफर्डमध्ये, कोल्टच्या कारखान्यात, मेट्रिक कुठून येणार?

एका जुन्या गनस्मिथला दाखवलं. तो म्हणाला बॉडी युद्धकाळातली खरी, ठासणीची, आणि कोणीतरी अलीकडे ती कापून नवीन रिंग आणि इटालियन रेप्लिकाचा (नव्याने बनवलेल्या नकलेचा) सिलिंडर बसवलाय. पैशापेक्षा हे जास्त लागलं बघा. युद्ध बघितलेली एक धड वस्तू दोन पैसे जास्त मिळावेत म्हणून मिलिंग मशीनवर चढवली, फ्रेमचं कापलेलं लोखंड आता परत येणार नाही.

विकणाऱ्याला फोन केला तर त्याने पावती काढायला सांगितली. पावतीवर नुसतं "जुनं कोल्ट 1860, ॲज इज", म्हणजे जसं आहे तसं. कन्व्हर्जन, मूळ, सैन्याचं, यातला एकही शब्द नाही. तुम्ही घ्याल तेव्हा हे शब्द पावतीवर लिहून घ्या, आणि परत करायची मुदत पण. लिहायला तयार नसेल तर तिथूनच मागे फिरा, वस्तू कितीही आवडलेली असू दे.

एकाने 2,500 ला मागितलंय, मी दिलं नाही. त्या गनस्मिथकडून रिंगच्या आत आणि सिलिंडरच्या मागच्या बाजूला "रेप्लिका" असं खोल कोरून घेतलंय.