कंबरेत उसण भरली त्याला आठ महिने झाले: हातांच्या उपचाराचा माझा अनुभव

फेब्रुवारीत, हळदीच्या हंगामात, सांगलीच्या मार्केट यार्डात काट्यावरचं पोतं सरकवायला वाकलो आणि कंबरेत उसण भरली. मी आडत दुकानात दिवाणजी. पोत्याला हात लावायचं माझं काम नाही, पण हमाल जेवायला गेला होता. नंतर सरळच होता येईना. दोघांनी धरून रिक्षात बसवलं. विश्रामबागेतलं घर येईपर्यंत प्रत्येक गतिरोधकाला डोळ्यांत पाणी येत होतं.

आई पायाळू माणूस शोधायला लागली. पायाळूनं कंबरेला पाय लावला की उसण उतरते, असं आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या मानतात. ते टळलं, पण दुसऱ्या दिवशी मी एका मालिशवाल्याकडं गेलो आणि तिथं चुकलो. काही न विचारता त्यानं पालथं झोपवून हिसका दिला. कट्ट आवाज झाला, ‘मणका बसला’ म्हणाला. त्या रात्री कूस बदलता आली नाही.

तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टकडं गेलो. मॅडमनी आधी नुसते प्रश्न विचारले: ताप येतो का, वजन घटलंय का, लघवी-संडासवर ताबा आहे ना, बैठकीची जागा बधिर वाटते का. मग पायांची ताकद पाहिली. एमआरआयचं विचारलं तर म्हणाल्या, यातलं काही नसेल तर पहिले काही आठवडे गरज नसते. चाळिशीत काहीच न दुखणाऱ्या अनेकांच्या फोटोतही मणक्यांमधली चकती फुगलेली दिसते.

नंतर हात. मनगटाजवळचा तळवा दुखऱ्या भागातल्या मणक्यावर ठेवून हलका, एका लयीत दाब. दाब, सोड, दाब, सोड. दर थोड्या वेळानं विचारायच्या, "आता किती दुखतंय?" मणका सरकलेलाच नव्हता, त्यामुळं बसवायचा प्रश्नच नव्हता, आवळून बसलेले स्नायू सैल व्हायला आणि हालचालीची भीती जायला त्या दाबानं मदत होते, असं त्यांनी सांगितलं. टेबलावरून उतरलो तेव्हा चप्पल स्वतः घातली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

पण सकाळपर्यंत निम्मा आराम ओसरला. तीन आठवड्यांत सहा वेळा गेलो, दर वेळी तसंच. टिकलं ते त्यांनी दिलेल्या व्यायामामुळं आणि रोजच्या चालण्यामुळं. अंथरुणाला खिळून राहायचं नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१७ मध्ये ताज्या कंबरदुखीला गोळ्यांआधी शेक, मालिश, मणक्यावरचे हाताचे उपचार सुचवले. पण बहुतेकांचं दुखणं कुठलाही उपचार घेतला तरी काळानं कमी होतं, हेही नोंदवलं. उपचार कसे द्यावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१६ ची सूचना तर हाताचे उपचार व्यायामासोबतच द्या, अशी आहे. माझ्या अंगाचा अनुभव हाच आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठी पैसे वसूल. महिनोन्‌महिने पॅकेज घ्यायला सांगत असतील तर घेऊ नका.

जुलैत पुन्हा जरा धरली होती. शेक, चालणं, तेच व्यायाम, पाच दिवसांत मोकळा.

गेल्या आठवड्यात यार्डातल्या एका हमालाची कंबर धरली. ‘तुमच्या मॅडमकडं न्या’ म्हणाला. मी आधी मॅडमचेच प्रश्न विचारले. सकाळपासून लघवी होत नव्हती, मांड्यांमधला भाग सुन्न. त्याला कुणाच्या हाताखाली न देता थेट मिरजेला दवाखान्यात नेलं. त्याच रात्री ऑपरेशन झालं.