यूएसबी आयसोलेटर: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

कंप्युटरवरून यूएसबीने ऐकलेल्या गाण्यांचा आवाज सुधारायचा म्हटलं की पहिला सल्ला येतो तो केबल बदलण्याचा. चांदीचा मुलामा, जाडजूड वेणी आणि किंमत पाच आकडी. मी त्या वाटेला गेलो नाही. दोन हजारांच्या आसपास मिळणारी आयसोलेटरची छोटी डबी घेतली, म्हणजे डेटा जाऊ देऊन दोन उपकरणांमधली विजेची जोडणी तोडणारी डबी. गेल्या पावसाळ्यापासून ती रोज वापरात आहे, आणि माझ्या सिस्टिममध्ये इतक्या कमी पैशांत एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडलेला नाही. पण ती सगळ्यांच्या कामाची नाही.

माझी जोडणी अशी: विंडोजचा लॅपटॉप, त्याला यूएसबीने जोडलेला आणि स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा डॅक (डिजिटल डेटाचा अॅनालॉग आवाज करणारी पेटी), तिथून आरसीए या साध्या ऑडिओ केबलने अँप आणि बुकशेल्फ स्पीकर. घर नेरूळला, नव्वदच्या दशकातल्या इमारतीत. इमारतीचं वय पुढे कामाला येणार आहे.

लॅपटॉप चार्जरला लावलेला असला की स्पीकरमधून खाली बारीक घुमघुम आणि वर किरकिर यायची. माउस हलवला किंवा पान वर-खाली केलं की किरकिरीचा पोत बदलायचा. जुनी सिनेमाची गाणी लावली तर हे जाणवतही नाही. ख्याल लावा, मग कळतं. काळी एक पट्टीतल्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या जवळ असते. विजेचा हुम, म्हणजे ती घुमघुम, ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटीतला, म्हणजे १००, १५० वगैरे. गायक सूर लावायच्या आधी नुसती तानपुऱ्याची जोडी वाजत असते तेव्हा मागे कुणीतरी तिसरा तानपुरा न जुळवताच छेडत बसलंय असं वाटायचं. भीमसेनजींच्या रेकॉर्डिंगमधल्या त्या पहिल्या अर्ध्या मिनिटाची सगळी मजा जायची.

चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला की सगळं चिडीचूप. काहीही विकत घेण्याआधी ही फुकटातली परीक्षा करा. चार्जर काढूनही आवाज तसाच राहिला तर दोष दुसरीकडे आहे, आणि आयसोलेटर घेऊन काही साधणार नाही.

याचं कारण ग्राउंड लूप. अँपचा प्लग तीन पिनांचा, लॅपटॉपच्या चार्जरचाही तीन पिनांचा. दोघांचं अर्थिंग भिंतीत एकत्र येतं आणि इकडे यूएसबी केबल व आरसीएच्या ग्राउंडमधून पुन्हा जोडलं जातं. असं एक कडं तयार होतं, त्यातून बारीक करंट फिरत राहतो आणि तो अँपच्या इनपुटला आवाज म्हणून दिसतो. बिट्स बिचारे बरोबरच येत असतात. त्यांच्या शेजारच्या ग्राउंडच्या तारेतून लॅपटॉपचा कचरा येतो.

आमच्याकडे त्यात आणखी एक भानगड होती. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लागला की मुंग्या यायच्या. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने सॉकेटमध्ये मीटर घातला आणि म्हणाला, "काका, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये एवढे व्होल्ट दिसायलाच नको. खाली बघू." मीटररूममध्ये अर्थिंगच्या पट्टीवरचा नट गंजून सैल झाला होता. इथली खाडीची दमट, खारी हवा धातूला सोडत नाही. पट्टी घासून, नवा नट लावल्यावर मुंग्या थांबल्या. हुम मात्र राहिला, आणि ते साहजिकच आहे, कारण आता कडं उलट नीट जुळलं होतं.

इथे एक कळकळीची सूचना. हुम घालवायला अँपची अर्थिंगची पिन काढून टाका, दोन पिनांचा कन्व्हर्टर लावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. हुम जातोही. पण आत कधी फेज सुटून बॉडीला लागला तर अँपचं पूर्ण कॅबिनेट २३० व्होल्टवर येतं, आणि तुम्ही पावसाळ्यात ओल्या पायांनी व्हॉल्यूम वाढवायला जाता. कडं तोडायचंच तर सिग्नलच्या बाजूने तोडा.

आयसोलेटर तेच करतो. माझ्या डबीत अॅनालॉग डिव्हाइसेसची एडीयूएम४१६० ही चिप आहे. तिच्या आत सूक्ष्म ट्रान्सफॉर्मर असतात. डेटा चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो आणि दोन्ही बाजूंमध्ये सलग तार उरत नाही. डबी लावली, चार्जर चालू ठेवला, व्हॉल्यूम नेहमीपेक्षा बराच वर नेला आणि स्पीकरला कान लावला. ट्वीटरमधली (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरमधली) अँपची स्वतःची सूं तेवढी ऐकू आली. घुमघुम आणि किरकिर दोन्ही गेली, आणि आजतागायत परत आलेली नाही.

आता मर्यादा, कारण विकणारे या सांगत नाहीत. ही चिप यूएसबीच्या फुल स्पीडपर्यंतच चालते, म्हणजे १२ मेगाबिट. त्या वेगात ऑडिओला दर मिलिसेकंदाला जास्तीत जास्त १,०२३ बाइटचं एक पाकीट मिळतं. २४ बिट ९६ किलोहर्ट्झ स्टीरिओला (म्हणजे आवाजाचे सेकंदाला ९६ हजार नमुने, हाच सॅम्पल रेट) ५७६ बाइट लागतात, सहज मावतात. १९२ किलोहर्ट्झला लागतात १,१५२, ते मावत नाहीत. त्यामुळे डबी लावल्यावर विंडोजच्या यादीतून ९६ च्या वरचे पर्याय गायब होतात. माझा बहुतेक संग्रह सीडीवरून उतरवलेला, ४४.१ चा, तेव्हा माझं काही अडलं नाही. डीएसडी या वेगळ्या, जास्त डेटाच्या फॉरमॅटच्या फायली जमवणाऱ्यांनी आणि १९२ वाल्यांनी हाय स्पीडचा आयसोलेटरच बघावा, तो बराच महाग पडतो. काही डॅक फुल स्पीडवर चालतच नाहीत, म्हणून परत घेण्याची बोली करूनच घ्या.

दुसरी गोष्ट पॉवरची. अशा बऱ्याच स्वस्त डब्यांमध्ये १ वॅटचा कन्व्हर्टर असतो, म्हणजे ५ व्होल्टला फक्त २०० मिलिअँपिअर. यूएसबीवरच पोसला जाणारा डॅक त्यावर अडखळू शकतो. माझ्या डॅकला वेगळा अडॅप्टर असल्याने प्रश्न आला नाही.

केबलबद्दल एवढंच. आजचे बहुतेक डॅक असिंक्रोनस असतात. घड्याळ डॅकच्या आतलं, आणि कंप्युटरने किती वेगाने डेटा पाठवायचा ते डॅकच सांगतो. ऑडिओचं चुकलेलं पाकीट यूएसबी पुन्हा पाठवत नाही हे खरं, पण चूक झाली तर ती टिक्‌टिक् किंवा तुटक आवाज म्हणून ऐकू येते. घरातल्या एका जुनाट लांब केबलने मला ती ऐकवली आहे. बास घट्ट होणं, तबल्याला हवा मिळणं हे केबलच्या हातात नाही. प्रिंटरबरोबर आलेली छोटी केबल गेले कित्येक महिने माझ्याकडे बिनतक्रार चालते आहे.

सेटिंगमध्ये मात्र एक बदल जरूर करा. विंडोजच्या नेहमीच्या वाटेने गेलं की सगळं एकाच ठरावीक सॅम्पल रेटला बदलून पुढे जातं, म्हणून प्लेअरमध्ये वासापी एक्स्क्लुझिव्ह निवडा, म्हणजे डॅक फक्त त्या प्लेअरच्या ताब्यात राहतो. डॅकच्या डिस्प्लेवर ४८ च्या जागी ४४.१ दिसलं की समजा फाइल जशीच्या तशी पोचली. ऐकायला फरक बारीक आहे, पण मधेच व्हॉट्सअॅपचं टुंग वाजत नाही हा फायदा मोठा.

दिवाळीनंतर लॅपटॉपच्या जागी रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कंप्युटर आणि त्यावर चालणारं मूड ऑडिओ प्लेअर हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर आणलं. फोनवरून गाणी लावता येतात, पंख्याची घरघर गेली, घरातले खूश. आवाज? आयसोलेटर मध्ये असताना लॅपटॉप आणि पाय यांत मला काडीचाही फरक सापडला नाही. सोय हवी असेल तर पाय घ्या.

एवढ्या महिन्यांत डबीबद्दल एकच तक्रार. वीज जाऊन आली की कधीकधी डॅक ओळखला जात नाही, केबल काढून पुन्हा लावावी लागते. डबी कोमट होते, पण मे महिन्यातही हात लावण्याइतपतच.

आणि हो, घेण्याआधी तुमच्या टीव्हीला किंवा कंप्युटरला ऑप्टिकल आउटपुट आहे का तेवढं बघून घ्या. प्रकाशाच्या केबलमधून ग्राउंड जातच नाही. डॅकला तसं इनपुट असेल, तर दोन-तीनशे रुपयांच्या केबलमध्ये हेच काम होतं आणि आयसोलेटरची गरज राहत नाही.