क्रीक बोटीसोबतचे सात महिने: कोलाडपासून कोडेंचेरीपर्यंत

एप्रिलमध्ये मी एक हंगाम वापरलेली क्रीक बोट, म्हणजे तीव्र उताराच्या खडकाळ नद्यांसाठी बनवलेली एकट्याने वल्हवायची कयाक, विकत घेतली. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या दोन तक्रारी लिहिल्या आहेत त्यांचा दोष कंपनीचा किती आणि आधीच्या मालकाच्या हाताळणीचा किती, हे मला सांगता येणार नाही. लांबी साडेआठ फुटांच्या आसपास, घनफळ ३२० लिटर, वजन २१ किलो आणि कवच जाड पॉलिएथिलिनचे. माझे स्वतःचे वजन ७४ किलो आहे. ते लिहिणे आवश्यक आहे, कारण या होड्यांबद्दलचे कोणतेही मत बसणाऱ्याच्या वजनाशिवाय अर्धवटच ठरते.

पहिले दोन महिने सराव कोलाडच्या कुंडलिकेवर झाला. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी खाली सुटते, त्यामुळे भर उन्हाळ्यातही तिथे प्रवाह मिळतो. परंतु खरे सांगायचे तर तिथे ही होडी कंटाळवाणी वाटली. लाटांवर ती सुस्त चालते, आणि बरोबरीचे लोक लहान होड्यांमध्ये मनसोक्त खेळत असताना आपण म्हशीवर बसून निघाल्यासारखे वाटते. मे महिन्याच्या अखेरीस ती विकून टाकण्याचा विचारही मनात येऊन गेला होता.

जुलैच्या शेवटी ती गाडीच्या टपावर बांधून कोळिकोड जिल्ह्यातील कोडेंचेरीला नेली, आणि माझे मत तिथे बदलले. चालिपुळा आणि इरुवंजिपुळा या तिथल्या नद्या ('पुळा' म्हणजे मल्याळममध्ये नदीच) पश्चिम घाटातून उतरतात. पात्र अरुंद, उतार तीव्र, आणि खडकांच्या पायऱ्यांमध्ये श्वास घेण्यापुरती एखादीच एडी, म्हणजे खडकाआडची संथ पाण्याची जागा. २०१३पासून तिथे मलबार रिव्हर फेस्टिव्हल भरतो, तोही याच उतारामुळे. घाटमाथ्यावर जोराची सर आली की पाणी बघता बघता चढते, म्हणून आम्ही रोज सकाळी काठावरच्या एका ठरावीक दगडावर पाण्याची खूण पाहत होतो, आणि पाणी तिच्या वर गेलेले दिसले त्या दोन्ही दिवशी होड्या गाडीवरून उतरवल्याच नाहीत.

अशा पाण्यात या होडीच्या आकाराचा अर्थ कळतो. तिचे नाक वर वळलेले आणि गोलसर आहे, त्यामुळे पायरीखाली गेल्यावर ते दगडांच्या फटीत रुतण्याऐवजी घसरून वर येते. कडेवरून नाक खाली झुकण्याआधी वल्ह्याचा एक लांब हात मारून आणि गुडघे वर ओढून होडी सपाट उतरवण्याच्या क्रियेला बूफ म्हणतात. माझा तो हात दहापैकी चार वेळा तरी उशिरा पडतो. आधीच्या लहान होडीत अशा वेळी मी पायरीखालच्या उलट फिरणाऱ्या पाण्यात घुसळला गेलो असतो, पण ही होडी तळाशी जाऊनही भोवऱ्याच्या पलीकडे वर येते. अर्थात हाच गुण थोडा फसवाही आहे. चूक केली तरी शिक्षा होत नाही, म्हणून हात उशिरा पडण्याची माझी सवय अजून सुटलेली नाही.

उलटल्यावर रोल करताना, म्हणजे आत बसूनच होडी पुन्हा सरळ करताना, मात्र बैठकीनेच दगा दिला. कंबरेजवळचे फोमचे तुकडे आधीच्या, माझ्याहून जाड मालकाच्या मापाचे होते. माझे शरीर आत फिरत होते आणि होडी जागच्या जागी राहत होती. चालिपुळेवर पहिल्याच दिवशी दोनदा बाहेर पडावे लागले. त्या रात्री मुक्कामाच्या व्हरांड्यात बसून जुन्या योगा मॅटचे पट्टे कापून कंबर आणि मांड्यांजवळ चिकटवले, पायांची पाटी एक खाच मागे घेतली, आणि दुसऱ्या दिवशी तोच रोल पहिल्या प्रयत्नात बसला. नवी होडी घेणाऱ्याने रंग निवडण्याआधी या कामासाठी एक पूर्ण संध्याकाळ राखून ठेवावी. तसेच, स्कर्ट (कंबरेभोवती घालून बैठकीच्या तोंडावर ताणून बसवायचे, पाणी आत येऊ न देणारे आवरण) लावल्यावर त्याची पुढची ओढपट्टी बाहेर राहिली आहे का, हे प्रत्येक वेळी हाताने चाचपून पाहावे. ती आत दबली तर उलटे असताना स्कर्ट उघडण्यासाठी बोटांना धरायला काही उरत नाही.

आता तक्रारी. पाठीच्या आधाराचा दातेरी पट्टा ओला झाला की निसटतो, आणि लागोपाठच्या दोन पायऱ्यांमध्ये त्याकडे पाहायला वेळ नसतो. शेवटी मी तिथे साधी दोरी गाठ मारून बांधली. दुसरी तक्रार निचऱ्याच्या बुचाची. त्याचा वॉशर झिजलेला असल्याने प्रत्येक फेरीत दोन-तीन लिटर पाणी आत येत असे आणि काठावर थांबून होडी उपडी करावी लागे. मूळ वॉशर मागवून तीन आठवडे वाट पाहिली, मग सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा कापून बसवला. ऑक्टोबरपासून आत एक थेंब आलेला नाही.

कवच मात्र भक्कम निघाले. बसण्याच्या जागेखाली खडकांनी खोल ओरखडे पाडले आहेत, प्लॅस्टिकच्या निघालेल्या कुसळ्या ब्लेडने तासून काढाव्या लागतात, पण चीर कुठेही नाही. साठ किलोंच्या आतल्या व्यक्तीने हाच आकार घेऊ नये; माझ्या एका हलक्या मैत्रिणीला ती वळवताच येत नव्हती. आणि ज्यांना फक्त कोलाडला जायचे आहे, त्यांनी २१ किलो खांद्यावर घेऊन काठ चढण्याचा खटाटोप करू नये.