पहिली कुर्ती खरंच आली होती

मी गोव्यात फोंड्याला शिवणकाम करते. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको. गणेश चवथीच्या आधीचे दोन महिने म्हणजे माझ्या वर्षाच्या कमाईचे दिवस, रात्री अकरापर्यंत मशीन चालू असतं. यंदा त्याच दिवसांत ऑनलाइन फसवणुकीत माझे २२,५०० रुपये गेले. अस्तराच्या ब्लाउजची माझी शिलाई ४५० रुपये, म्हणजे पन्नास ब्लाउजची मजुरी. हे सगळं मांडून लिहितेय, कारण माझ्या शब्दावर आणखी दोघी यात आल्या, आणि त्याचं मला पैशांहून जास्त वाईट वाटतं.

आषाढात एका रात्री हुक लावता लावता मोबाइल बघत होते. इन्स्टाग्रामवर जाहिरात आली. कपड्यांच्या कंपनीला ‘प्रॉडक्ट टेस्टर’ हव्यात. कंपनी नवे कपडे घरी पाठवणार, आपण घालून, धुऊन अभिप्राय लिहायचा, कपडे आपलेच. मी याच कामातली. बगलेत कपडा कुठे ओढतो, बाहीचा गोल कुठे चुकलाय, हे मला बघताक्षणी कळतं. वाटलं, हे काम आपल्यासाठीच आहे.

फॉर्म भरला. नाव, पत्ता, मोबाइल आणि छाती-कंबर-सीटची मापं. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर एका ‘एचआर मॅडम’चा मेसेज आला. बोलणं अगदी गोड. नोंदणीचे १९९ रुपये मागितले, पहिल्या अभिप्रायानंतर परत मिळतील म्हणाल्या. मी भरले.

पाचव्या दिवशी कुरियरवाला दारात. फिक्या आंब्याच्या रंगाची रेयॉनची कुर्ती. सवयीप्रमाणे मी ती आधी उलटी केली. कडा ओव्हरलॉक केलेल्या, पण आत माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेला कपडा, जेमतेम पाव इंच. मानेमागे लेबल नव्हतं. लेबल कापून काढल्यावर शिवणीत जी पांढरी चिंधी अडकून राहते, ती मात्र होती. धुण्याच्या सूचनांची पट्टी बाजूच्या शिवणीत असते, तीही कापलेली. ज्या कंपनीला आपला माल तपासून हवाय, ती स्वतःचंच नाव कापून का पाठवेल? हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला होता. पण कुर्ती हातात होती, फुकट होती, आणि मी तो प्रश्न मागे टाकला.

अभिप्राय मी मनापासून लिहिला, चांगला पानभर. संध्याकाळी खात्यात २९९ रुपये आले. १९९ परत आणि १०० मेहनताना. पुढच्या वेळी १,४९९ रुपये अनामत भरायला सांगितली. पार्सल वाटेत आहे म्हणाल्या, आणि ते यायच्या आतच १,७४९ रुपये परत आले. दोन्ही वेळांचे मिळून ३५० रुपये आणि एक कुर्ती, एवढा खर्च त्यांनी माझ्यावर केला. फसवणारे आपल्याकडून घेतातच, देत नाहीत, अशी माझी समजूत होती. ते आधी देतात. हा भाग नीट लक्षात घ्या, कारण घरातल्या कोणी शंका काढली की आपण हेच पुढे करतो, ‘अहो, पैसे परत आले ना!’ मी नवऱ्याला अगदी याच शब्दांत गप्प केलं.

मग त्यांनी सांगितलं, मैत्रिणींना जोडा, प्रत्येकीमागे १५० रुपये. मी शेजारच्या वहिनींना सांगितलं. त्यांनी गृह आधार या सरकारी योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये आले होते ते अनामतीत भरले. त्यांची भाची कॉलेजात आहे, तीही आली.

चवथीच्या तीन आठवडे आधी ‘सणाचं कलेक्शन’ निघालं. पाच ड्रेस, अनामत ९,८०० रुपये. अस्तर आणि लेस आणायला गिऱ्हाइकांनी दिलेला ॲडव्हान्स माझ्याकडे होता, तोच भरला. दोन दिवसांनी मेसेज आला की तुम्ही फॉर्ममध्ये खाते क्रमांक चुकवलात, रक्कम अडकली आहे, ७,५०० भरलेत तर सगळी एकदम सुटेल. मी फॉर्म पुन्हा पाहिला. क्रमांक बरोबर होता. पण अडकलेले पैसे सोडवायचे म्हणून भरले. मग १८ टक्के जीएसटीचं कारण काढून ५,२०० मागितले. कशाचे १८ टक्के, हा हिशोब मी मांडलाच नाही. तेही गेले. त्यानंतर मेसेजला उत्तर नाही, फोन लागत नाही. वहिनींचेही गेले.

आता मागे बघितल्यावर दिसतं ते सांगते. प्रत्येक वेळी क्यूआर कोड नवा होता. स्कॅन केल्यावर पिन टाकायच्या आधी पैसे कुणाला चाललेत त्याचं नाव दिसतं. तिथे कंपनीचं नाव एकदाही नव्हतं. दर वेळी कुणातरी वेगळ्याच माणसाचं नाव. अशी खाती भाड्याने घेतलेली असतात, पैसे आले की मिनिटांत पुढे जातात. ते नाव वाचायला दोन सेकंद लागतात. कृपा करून वाचा.

दुसरी गोष्ट मला मामेभावाने समजावली. तो तिरुपूरला निर्यातीच्या कारखान्यात होता. कपड्याची तपासणी अशी घरोघरी पार्सल पाठवून होत नाही, म्हणाला. फिटिंग बघायचं तर ठरावीक मापाची मॉडेल असते, तिला पैसे देऊन बोलावतात, तिच्या अंगावर टाचण्या लावून दोष काढतात. रंग पक्का आहे का, कपडा धुतल्यावर किती आटतो, घासल्यावर किती विरतो, हे प्रयोगशाळेत यंत्रावर पाहतात आणि रंगाला १ ते ५ अशी श्रेणी देतात. काही कंपन्या बूट किंवा खेळाचे कपडे लोकांना वापरायला देतात हे खरं, पण त्यासाठी अनामत घेत नाहीत. इन्स्टाग्रामवर फुकट कपडे मिळणाऱ्या मुली असतात, त्यांना ते हजारो फॉलोअर्स असल्यामुळे मिळतात, आणि भेट मिळाली असेल तर तसं स्पष्ट लिहायचा नियम केंद्र सरकारने २०२३ पासून केला आहे. माझ्या खात्याला ८७ फॉलोअर्स, तेही बहुतेक गिऱ्हाईक. काम देणारा आपल्याला पैसे देतो. आपल्याकडून मागायला लागला की तिथेच थांबायचं.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते भाचीचं. ‘फिटिंगसाठी’ म्हणून तिच्याकडे समोरून, बाजूने, मागून असे अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यांतले फोटो मागितले. तिने पाठवले. त्यांना पैसे मिळणं थांबल्यावर तिला धमकी आली की हे फोटो बदलून सगळीकडे टाकू. पोर चार दिवस कुणाशी बोलली नाही. मी पंचवीस वर्षं मापं घेतेय. मापाला टेप लागते, फोटो लागत नाही. मला तिने एकदा विचारलं असतं तर! पण तिने का विचारावं, मीच तर तिला तिथे नेलं होतं. धमकी आली तर पैसे देऊ नका, मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि घरच्यांना सांगा. मुलीबाळींच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय सायबर पोर्टलवर वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही कळवता येतं.

पैसे गेले की १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करायचा. ‘लगेच’ म्हणजे त्याच तासाला. मी लाजेपायी पहिल्या दोन रकमांबद्दल आठवडाभर गप्प बसले. ५,२०० गेले त्या रात्री मात्र भाचीनेच नंबर लावून दिला. तक्रार क्रमांक मिळाला, दुसऱ्या दिवशी बँकेत लेखी दिलं, मग रायबंदरला सायबर क्राइम पोलीस स्टेशनात सगळे मेसेज आणि यूपीआयचे व्यवहार क्रमांक छापून नेले. शेवटचे ५,२०० समोरच्या खात्यात गोठवले गेले. आधीचे १७,३०० केव्हाच पुढे गेले होते. गोठलेले पैसे हातात यायची वाट बघतेय. बँकेने भरपाई नाकारली, कारण पिन मी माझ्या हाताने टाकला होता.

गिऱ्हाइकांचे ब्लाउज मी उधारीच्या अस्तरावर वेळेत दिले. वहिनींनी माझ्याकडून पैसे घ्यायला साफ नकार दिला. त्या अजून रोज दुपारी येऊन बसतात, पण भाची येत नाही.

गेल्या मंगळवारी एक फोन आला. माणूस शुद्ध मराठीत म्हणाला, ‘ताई, सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम मंजूर झाली आहे, फाइलचे २,००० भरा.’ मी किती भरले आणि कोणत्या दिवशी, हे त्याला तंतोतंत माहीत होतं. ज्यांनी लुटलं त्यांच्याचकडची ती यादी. मी फोन ठेवला आणि तो नंबर संचार साथी या सरकारी पोर्टलच्या ‘चक्षू’ विभागात आणि माझ्या जुन्या तक्रारीत नोंदवला. असा फोन तुम्हालाही येईल.