विकिस्टॅट्स : विकिपीडियाच्या कारभाराचा हिशेब कितपत लागतो?

विकिपीडियावर लिहिणाऱ्यांना कोणी काम नेमून देत नाही आणि त्यांच्या लेखनाला कोणा वरिष्ठाची मंजुरीही लागत नाही. तरीही एकाने अर्धवट सोडलेला लेख दुसरा पूर्ण करतो आणि तिसरा त्यातील चूक काढतो. अशा विकेंद्रित कारभारात माहितीची देवाणघेवाण कितपत नीट होते, हे तपासण्याच्या उद्देशाने विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचे ‘विकिस्टॅट्स’ हे आकडेवारी दाखवणारे मोफत साधन मराठी विकिपीडियासाठी वापरून पाहिले.

वाचन, योगदान आणि आशय अशा तीन भागांत येथील आकडेवारी मांडलेली आहे. ती दर महिन्याला अद्ययावत होते आणि आलेखाखालील आकडे उतरवूनही घेता येतात. सर्वांत उपयोगी ठरते ती गाळणीची सोय. महिन्याला पाचपेक्षा कमी संपादने करणारे, पाच ते चोवीस करणारे, पंचवीस ते नव्व्याण्णव करणारे आणि शंभर किंवा त्याहून अधिक करणारे असे सदस्यांचे गट वेगळे पाहता येतात, आणि सांगकाम्यांची, म्हणजे आपोआप संपादने करणाऱ्या प्रणालींची, कामगिरीही माणसांच्या कामातून वगळता येते. ही गाळणी न लावता एखाद्या विकिपीडियाच्या प्रगतीविषयी बोलणे धाडसाचे ठरेल. सेबुआनो या फिलिपिन्समधील भाषेच्या विकिपीडियावर साठ लाखांहून अधिक लेख आहेत, पण त्यांतील बहुतेक एकाच सांगकाम्याने तयार केलेले आहेत. लेखसंख्येच्या क्रमवारीत तो विकिपीडिया अग्रभागी दिसतो. मात्र तेथे माणसांमाणसांत काही देवाणघेवाण होते का, याचा पत्ता त्या क्रमवारीतून लागत नाही.

माझा मुख्य आक्षेपही याच ठिकाणी आहे. किती जणांनी काम केले आणि किती बाइट मजकुराची भर पडली, हे विकिस्टॅट्स चोख सांगते. पण एकाचे काम दुसऱ्याच्या नजरेखालून गेले का, चुकीचे संपादन किती वेळात उलटवले गेले, लेखाच्या चर्चा पानावर किंवा चावडीवर, म्हणजे समुदायाच्या सामायिक चर्चेच्या पानावर, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळाले का, यांपैकी कशाचाही आलेख त्यात नाही. शंभर संपादने करणारे दहा सदस्य आपापल्या कोपऱ्यात एकमेकांचे लेख न उघडता काम करत असतील, तरी आलेख तितकाच भरघोस दिसेल. समुदायात प्रचलित असलेला ‘खोली’ हा निर्देशांक ही उणीव थोडी भरून काढू पाहतो. दर लेखामागची संपादने आणि चर्चा पानांसारख्या इतर पानांचे लेखांशी असलेले प्रमाण यांचा गुणाकार त्यात येतो, त्यामुळे चर्चेला निदान काही वजन मिळते. तथापि, पाने नुसती तयार करून ठेवली तरी तोही फुगतो, म्हणून त्यावर एकट्याने विसंबू नये.

विशेष खटकते ते असे की आवश्यक विदा (डेटा) फाउंडेशनकडे तयार आहे. संपादनांच्या संपूर्ण इतिहासाच्या ज्या धारिका (फाइली) ते सार्वजनिकरीत्या उपलब्ध करून देते, त्यांत प्रत्येक संपादन पुढे उलटवले गेले का आणि गेले असल्यास किती सेकंदांनी, याची नोंद असते. ती नोंद आलेखाच्या रूपात समोर ठेवली असती, तर पहारा किती जागता आहे हे प्रचालकांना, म्हणजे देखरेखीचे जादा अधिकार असलेल्या सदस्यांना, एका नजरेत कळले असते. सध्या त्यासाठी प्रोग्रॅमिंग येणारा माणूस शोधावा लागतो. एकेका लेखापुरती चौकशी करायची असल्यास ‘एक्सटूल्स’ हे दुसरे साधन बरे. लेखाला किती जणांचा हात लागला आणि दोन संपादनांमध्ये सरासरी किती अंतर पडले, हे त्यात लगेच समजते.

प्रकल्पाचा वार्षिक अहवाल लिहिणाऱ्यांना, पत्रकारांना आणि संपादन-कार्यशाळेनंतर किती नवे सदस्य टिकले याचा अंदाज घेणाऱ्या प्राध्यापकांना विकिस्टॅट्स पुरेसे आहे, आणि त्या कामासाठी मी पाचपैकी चार गुण देईन. समुदायातील समन्वय मोजू पाहणाऱ्या अभ्यासकाच्या हिशेबाने मात्र दोनच गुण द्यावे लागतात. त्याने थेट इतिहासाच्या धारिकांकडे वळावे.